संस्थेचें निरोप-दप्तर : संदेश-सर्व्हर बसविण्याची व राखण्याची रीत

शेतकऱ्यांच्या संस्थेचें काम निरोपावर चालतें. पाण्याची पाळी कोणाची, खताची गाडी केव्हां येणार, बाजारांत तुरीचा भाव काय निघाला, सर्वसाधारण सभा कोणत्या दिवशीं, हे निरोप पूर्वीं दवंडीनें, चावडीवरील फळ्यानें व पोस्टाच्या कार्डानें पोंचत. आतां ते बहुतेक ठिकाणीं मोबाईलवरील गटांतून पोंचतात. ह्या सोयीविषयीं तक्रार करण्याचें कारण नाहीं. तथापि प्रत्येक संस्थेनें स्वतःला एक प्रश्न विचारावा : ज्या गटावर आपला सर्व निरोप-व्यवहार चालतो, तो कोणाच्या हातीं आहे? बहुधा तो एखाद्या उत्साही सभासदानें आपल्या फोनवरून काढलेला असतो. उद्यां त्याचें मंडळाशीं बिनसलें, तर तो कोणासहि गटांतून काढूं शकतो. नवीन चिटणिसास मागील वर्षाचे निरोप पाहावयाचे म्हटलें, तर ते कोणाच्या तरी फोनांत शोधावे लागतात. संस्थेच्या दप्तरांत ते नसतात.

दुसरी गोष्ट जागेच्या मालकाची. ४ ऑक्टोबर २०२१ रोजीं फेसबुक कंपनीच्या जाळ्याच्या मांडणींत चूक होऊन व्हॉट्सॲपसह तिच्या सेवा जगभर सुमारें सहा तास बंद पडल्या. एआयएम ही सेवा १५ डिसेंबर २०१७ रोजीं, याहू मेसेंजर १७ जुलै २०१८ रोजीं, आणि १९९६ पासून चालत आलेली आयसीक्यू २६ जून २०२४ रोजीं कायमची बंद झाली. वापरणाऱ्यांचा त्यांत कांहीं अपराध नव्हता. जागा मालकाची होती व मालकानें ती बंद केली.

ह्यावर उपाय म्हणजे संस्थेनें आपला संदेश-सर्व्हर स्वतः ठेवणें. तो कसा बसवावा, हें प्रस्तुत लेखांत क्रमानें सांगण्याचें योजिलें आहे. परंतु आरंभींच एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. सर्व्हर बसविणें हें जाणत्या माणसास अर्ध्या दिवसाचें काम आहे. तो राखणें हें वर्षानुवर्षांचें काम आहे. विहीर खणणाराचें काम पाणी लागतांच संपतें, पण गाळ दरसाल काढावा लागतो. ज्या संस्थेची राखण्याची तयारी नाहीं, तिनें हें काम हातीं न घेतलेलेंच बरें.

१. व्यवस्थेचें स्वरूप

सर्व्हर म्हणजे अहोरात्र चालू राहणारा व इंटरनेटला जोडलेला संगणक. सभासदानें फोनवर लिहिलेला निरोप प्रथम सर्व्हरकडे जातो. ज्याच्या नांवें तो असेल त्याचा फोन चालू असल्यास सर्व्हर तो तत्क्षणीं पोंचवितो. नसल्यास फोन चालू होईपर्यंत राखून ठेवतो. पोस्टमास्तराचें काम हेंच होय, मात्र येथें तें क्षणांत होतें.

ही देवघेव ज्या ठरीव भाषेंत होते तिला एक्सएमपीपी म्हणतात. जेरेमी मिलर ह्या अमेरिकन गृहस्थांनीं जानेवारी १९९९ मध्यें ‘जॅबर’ ह्या नांवानें ही योजना जाहीर केली. इंटरनेटचीं प्रमाणें ठरविणाऱ्या आयईटीएफ ह्या मंडळानें २००४ सालीं ती प्रमाण म्हणून प्रसिद्ध केली व २०११ सालीं सुधारून पुनः काढली. ही भाषा कोणा एका कंपनीच्या मालकीची नाहीं. त्यामुळें सर्व्हर एकाचा व फोनवरील ॲप दुसऱ्याचें असलें तरी त्यांचें जमतें. आणि सभासदाचा पत्ता ई-मेलप्रमाणें ‘नांव, ॲट, संस्थेचें इंटरनेट-नांव’ असा असल्यानें दोन संस्थांचे सर्व्हरहि परस्परांशीं बोलूं शकतात.

ह्या दुसऱ्या गुणाची किंमत एका उदाहरणावरून कळेल. गूगल कंपनीनें २००५ सालीं ‘गूगल टॉक’ ह्याच भाषेवर सुरू केलें, व २००६ सालीं इतर सर्व्हरांसाठीं त्याचें दार उघडलें. २०१३ सालीं कंपनीनें ‘हँगआउट्स’ ही नवी सेवा काढली व तींत हें दार ठेवलें नाहीं. ज्यांचा पत्ता गूगलच्या नांवाचा होता, त्यांस कंपनी नेईल तिकडे जावें लागलें. ज्यांचा पत्ता स्वतःच्या नांवाचा होता, त्यांचा गूगलकडील रस्ता तेवढा तुटला. त्यांचें घर जागच्या जागीं राहिलें.

सर्व्हरचें काम करणारे प्रोग्राम अनेक आहेत. २००२ सालीं अलेक्सी श्चेपिन ह्यांनीं आरंभिलेला ‘ई-जॅबर-डी’ हा फार मोठ्या व्यापास योग्य होय. व्हॉट्सॲपचा सर्व्हरहि प्रारंभीं त्यावरच उभारला होता. २००८ च्या सुमारास मॅथ्यू वाइल्ड ह्यांनीं सुरू केलेला ‘प्रॉसॉडी’ हा लहान यंत्रावर चालणारा, समजण्यास सोपा व फुकट मिळणारा प्रोग्राम आहे. शेंदोनशें सभासदांच्या संस्थेस हाच पुरे, म्हणून पुढील रीत त्याचीच दिली आहे. त्याची १३.० ही आवृत्ति मार्च २०२५ मध्यें निघाली, व ऑगस्ट २०२५ मध्यें प्रसिद्ध झालेल्या डेबियन १३ ह्या प्रणालींत ती समाविष्ट आहे.

२. आरंभापूर्वीं करावयाचे तीन ठराव

यंत्राला हात लावण्यापूर्वीं पुढील तीन गोष्टी मंडळाच्या सभेंत ठरवून इतिवृत्तांत नोंदवाव्या.

पहिली, इंटरनेट-नांव. ह्यास डोमेन म्हणतात. तें दरसाल वा कांहीं वर्षांचे पैसे एकदम भरून राखावें लागतें. तें चिटणिसाच्या किंवा त्याच्या मुलाच्या नांवें न घेतां संस्थेच्या नांवें घ्यावें, व त्याचा ई-मेलहि संस्थेचाच द्यावा. भरणा चुकल्यास नांव दुसऱ्याच्या हातीं जाऊं शकतें, आणि नांवाबरोबर सर्व सभासदांचे पत्ते जातात. सातबाऱ्यावर नांव कोणाचें ह्यास जसें महत्त्व, तसेंच येथें डोमेन कोणाच्या नांवें ह्यास आहे.

दुसरी, यंत्राची जागा. संस्थेच्या कचेरींत जुना संगणक ठेवून काम भागेल, असें पुष्कळांस वाटतें. पण त्यांत दोन अडचणी आहेत. वीज गेली कीं निरोप थांबतात. आणि मोबाईल-कंपन्यांच्या बऱ्याच जोडण्यांत एकच बाहेरचा पत्ता अनेक गिऱ्हाइकांत वांटलेला असल्यानें, बाहेरून आलेला निरोप आपल्या यंत्रापर्यंत पोंचूंच शकत नाहीं. ज्या कचेरींत अखंड वीज व स्वतंत्र स्थिर पत्ता दोन्ही आहेत, तेथें यंत्र खुशाल ठेवावें. इतरांनीं मासिक भाड्यानें मिळणारा लहान सर्व्हर घ्यावा. १ जीबी स्मृति व २० जीबी सांठवण असलेलें यंत्र शेंदोनशें सभासदांस पुरतें.

तिसरी, जबाबदार माणसें. एक कारभारी व एक बदली, अशीं दोन माणसें नेमावीं. एकट्या माणसाच्या डोक्यांत असलेला सर्व्हर संस्थेचा म्हणतां येत नाहीं.

३. मांडणी

खालीं यंत्रास द्यावयाच्या आज्ञा उच्चाराप्रमाणें देवनागरींत लिहिल्या आहेत. प्रत्यक्ष टंकतांना त्या इंग्रजी अक्षरांत टंकाव्या. नमुन्यादाखल संस्थेचें डोमेन ‘संस्था.उदाहरण’ असें धरूं. ह्या मूळ नांवावर संस्थेचें संकेतस्थळ दुसऱ्या यंत्रावर चालत असण्याचा संभव असतो. म्हणून निरोपासाठीं ‘निरोप.संस्था.उदाहरण’ असें पोटनांव घेणें सोयीचें. म्हणजे पुढें प्रमाणपत्र काढतांना घोटाळा होत नाहीं.

(अ) डोमेन जेथून घेतलें तेथील नोंदींत चार नांवें आपल्या यंत्राच्या पत्त्यावर वळवावीं : ‘निरोप’ हें मुख्य, आणि त्याच्या पोटांत ‘सूचना’, ‘चर्चा’ व ‘फाईल’ हीं तीन. ह्या तिहींचा उपयोग पुढें येईल. नोंदींचा परिणाम दिसावयास कांहीं तास लागूं शकतात. तोंपर्यंत घाई करूं नये.

(आ) यंत्रावर डेबियन प्रणाली असावी. दुरून प्रवेश करण्यासाठीं पासवर्डाऐवजीं किल्ली-फाईल वापरावी. कारण इंटरनेटवरील प्रत्येक यंत्राचें दार रात्रंदिवस अनोळखी लोक ठोठावीत असतात, व सोपा पासवर्ड त्यांस लवकरच सांपडतो.

(इ) प्रथम ‘ॲप्ट अपडेट’ व ‘ॲप्ट अपग्रेड’ ह्या आज्ञांनीं प्रणाली अद्ययावत् करावी; नंतर ‘ॲप्ट इन्स्टॉल प्रॉसॉडी’ ही आज्ञा द्यावी. प्रोग्राम आपोआप उतरून चालू होतो.

(ई) यंत्राचीं द्वारें, म्हणजे पोर्ट, मोजकींच उघडीं ठेवावीं. २२ हें कारभाऱ्याच्या प्रवेशाचें, ८० हें प्रमाणपत्राच्या पडताळणीचें, ५२२२ हें सभासदांच्या फोनांचें, व ५२८१ हें छायाचित्रें व फाईली चढविण्या-उतरविण्याचें. ५२६९ हें द्वार इतर सर्व्हरांशीं बोलण्याचें आहे. प्रारंभीं आपला व्यवहार आपल्या सभासदांपुरताच असेल, तर हें पांचवें द्वार बंद ठेवावें. शेजारच्या संस्थेनें सर्व्हर काढला म्हणजे उघडतां येईल.

४. नियमांची फाईल

प्रॉसॉडीचे सर्व नियम ‘इटीसी’ ह्या कप्प्यांतील ‘प्रॉसॉडी’ ह्या उपकप्प्यांत एका फाईलींत असतात. तींत बदल करण्यापूर्वीं तिची प्रत काढून ठेवावी. ज्या ओळीच्या आरंभीं दोन आडव्या रेघा असतात ती नुसती टीप समजावी. प्रोग्राम ती वाचीत नाहीं.

येथें नवशिक्यांकडून दोन चुका हटकून होतात. एक अवतरणचिन्हांची : फोनवरून किंवा छापील लेखावरून मजकूर उतरविला असतां वांकडीं अवतरणचिन्हें येतात, व प्रोग्राम सुरू होण्याचें नाकारतो. चिन्हें सरळच टंकावीं. दुसरी स्थानाची : ‘व्हर्च्युअलहोस्ट’ ह्या ओळीच्या वर जें लिहावें तें सर्वांस लागू होतें, तिच्या खालीं जें लिहावें तें तेवढ्याच नांवास लागू होतें. सर्वसाधारण नियम चुकून खालीं लिहिला गेला, तर फाईल बरोबर दिसते, प्रोग्रामहि चालतो, पण नियम पाहिजे तेथें लागत नाहीं.

सर्वसाधारण नियमांत पुढील गोष्टी पाहाव्या.

‘ॲडमिन्स’ ह्यापुढें कारभारी व बदली ह्यांचे पत्ते घालावे.

‘अलाऊ रजिस्ट्रेशन’ हा नियम ‘फॉल्स’ असाच राहूं द्यावा. (नियमांच्या नांवांत दोन शब्दांमध्यें मोकळ्या जागेऐवजीं खालची रेघ टंकावयाची असते.) ह्याचा अर्थ असा, कीं वाटेल त्यानें बाहेरून खातें काढूं नये. हें दार उघडें टाकिलें, तर थोड्याच दिवसांत जाहिरातबाज व ठकसेन शेंकडों खातीं काढून इतर सर्व्हरांकडे कचरा पाठवूं लागतात, आणि मग इतर सर्व्हर आपल्या संस्थेचेंच नांव वर्ज्य करतात. उघड्या गोठ्यांत शेजाऱ्याचीं गुरें शिरावींत तसा हा प्रकार आहे. फरक इतकाच, कीं येथें कोंडवाडा आपल्यालाच भोगावा लागतो.

‘ऑथेंटिकेशन’ हा नियम ‘इंटर्नल हॅश्ड’ असावा. त्यामुळें पासवर्ड जसाच्या तसा यंत्रावर राहत नाहीं. कारभाऱ्यास तो बदलून देतां येतो, पण वाचतां येत नाहीं.

‘सी-टू-एस रिक्वायर एन्क्रिप्शन’ हा नियम ‘ट्रू’ असावा. म्हणजे फोन व सर्व्हर ह्यांमधील वाटेवर निरोप उघडा जात नाहीं.

त्यानंतर जोड-भागांची यादी येते. तींतील चार आवश्यक आहेत. ‘मॅम’ हा निरोपांचा सांठा ठेवतो. ‘कार्बन्स’ हा एकाच सभासदाच्या फोनवर व संगणकावर दोन्हीकडे निरोप दाखवितो. ‘स्मॅक्स’ हा शेतांतील अर्धवट सिग्नलमुळें जोडणी तुटली असतां मधले निरोप गहाळ होऊं देत नाहीं. ‘सीएसआय सिंपल’ हा फोनची बॅटरी वांचवितो. आमच्या वाचकांस तिसऱ्याचा उपयोग सर्वांत अधिक. ५२६९ द्वार बंद ठेवावयाचें असेल, तर ‘मॉड्यूल्स डिसेबल्ड’ ह्या यादींत ‘एस-टू-एस’ हें नांव घालावें.

मग ‘व्हर्च्युअलहोस्ट’ ह्यापुढें ‘निरोप.संस्था.उदाहरण’ हें आपलें नांव येतें, आणि त्याखालीं तीन ‘कंपोनंट’, म्हणजे उपविभाग, लिहावयाचे.

‘सूचना’ हा उपविभाग ‘एमयूसी’ ह्या प्रकारचा, म्हणजे खोल्यांचा. ‘चर्चा’ हाहि त्याच प्रकारचा. दोन वेगळे करण्याचें कारण असें, कीं जुने निरोप किती काळ ठेवावे ही मुदत एका उपविभागास एकच असते. दोहोंसहि ‘एमयूसी मॅम’ हा जोड-भाग द्यावा. मुदत स्वतः न ठरविल्यास एक आठवडा असते. चर्चेस ती पुरे. सूचनांस मात्र ‘एमयूसी लॉग एक्सपायर्स आफ्टर’ ह्या नियमानें ‘१वाय’, म्हणजे एक वर्ष, द्यावी. ‘रिस्ट्रिक्ट रूम क्रिएशन’ हा नियम ‘ट्रू’ केल्यास कारभाऱ्याशिवाय इतरांस नवी खोली उघडतां येत नाहीं.

‘फाईल’ हा उपविभाग ‘एचटीटीपी फाईल शेअर’ ह्या प्रकारचा. एका फाईलीची मर्यादा न बदलल्यास सुमारें १० एमबी व राहण्याची मुदत एक आठवडा असते. हिशेब असा करावा : फोनवरील एक छायाचित्र सरासरी ३ एमबी धरिलें, व दररोज १०० छायाचित्रें आलीं, तर दिवसास ३०० एमबी व आठवड्यास २,१०० एमबी, म्हणजे सुमारें २ जीबी जागा लागेल. मुदत एक वर्ष केली तर हीच जागा सुमारें ११० जीबी होईल व २० जीबीचें यंत्र दोन-तीन महिन्यांतच तुडुंब भरेल. कीड पडलेल्या पानाचें छायाचित्र सल्ला मिळेपर्यंत पाहिजे. तें वर्षभर राखण्याचें प्रयोजन नाहीं.

५. प्रमाणपत्र

आपण ज्या सर्व्हरशीं बोलत आहों तो खरोखर संस्थेचाच आहे, ह्याची खात्री फोनास प्रमाणपत्रावरून पटते. ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही संस्था २०१५ पासून अशीं प्रमाणपत्रें विनामूल्य देत आली आहे. ‘सर्टबॉट’ ह्या प्रोग्रामानें चारहि नांवांचें प्रमाणपत्र काढावें. पडताळणी ८० ह्या द्वारावरून होते. नंतर ‘प्रॉसॉडीसीटीएल’ ह्या आज्ञेच्या ‘सर्ट इंपोर्ट’ ह्या पोटआज्ञेनें तें प्रॉसॉडीच्या स्वाधीन करावें. (‘प्रॉसॉडीसीटीएल’ हा सलग एकच शब्द टंकावयाचा.)

ह्या प्रमाणपत्रास मुदत असते. लेट्स एन्क्रिप्टनें आरंभापासून ती ९० दिवसांची ठेविली; आणि प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था व ब्राउझर-कर्ते ह्यांनीं एप्रिल २०२५ मध्यें असें ठरविलें, कीं सर्वच प्रमाणपत्रांची कमाल मुदत क्रमाक्रमानें कमी करीत २०२९ पर्यंत ४७ दिवसांवर आणावी. सबब, नूतनीकरण हातानें करण्याचा विचार सोडून द्यावा. सर्टबॉट तें आपोआप करतो. पण नवें प्रमाणपत्र प्रॉसॉडीच्या स्वाधीन करण्याची आज्ञा त्याच्या ‘डिप्लॉय हुक’ ह्या ठिकाणीं लिहून ठेवावी लागते. एवढें राहिलें तर पहिले तीन महिने सर्व सुरळीत चालतें, व एके सकाळीं सर्व सभासदांचे फोन एकदम जोडणी नाकारतात. सर्टबॉटनें प्रमाणपत्र वेळेवर आणलेलें असतें. तें प्रॉसॉडीपर्यंत पोंचलेलें नसतें, व कारभारी भलतीकडेच दोष शोधीत बसतो.

६. तपासणी व खातीं

फाईल लिहून झाली म्हणजे ‘प्रॉसॉडीसीटीएल चेक’ ही आज्ञा द्यावी. ती नियम, नांवांच्या नोंदी व प्रमाणपत्रें तपासून दोष सांगते. दोष नसल्यास प्रोग्राम थांबवून पुनः सुरू करावा. तरीहि अडल्यास ‘व्हार’ कप्प्यांतील ‘लॉग’ मध्यें प्रॉसॉडीची रोजनिशी असते, ती वाचावी. पुष्कळ लोक ती न वाचतांच सर्व काढून नव्यानें मांडूं लागतात. त्यांत वेळ जातो व दोष तसाच राहतो.

खातें उघडण्यासाठीं ‘प्रॉसॉडीसीटीएल ॲडयूझर’ ह्यापुढें पूर्ण पत्ता लिहावा. पासवर्ड दोनदां विचारला जातो. टंकतांना पडद्यावर अक्षरें उमटत नाहींत, हें यंत्र बिघडल्याचें चिन्ह समजूं नये. प्रत्येक खात्याची नोंद कागदी वहींत सभासद-क्रमांक, पत्ता, तारीख व सही ह्यांसह करावी; पासवर्ड मात्र वहींत लिहूं नये. सभासद मयत झाल्यास त्याचें खातें ‘डेलयूझर’ ह्या पोटआज्ञेनें बंद करून वारसास त्याच्या स्वतःच्या नांवानें नवें द्यावें. मयताच्या नांवानें आलेला निरोप कोणाचा समजावा, हा वाद मागाहून फार त्रास देतो.

‘सूचना’ विभागांतील खोली ‘नियंत्रित’ अशी करावी. म्हणजे लिहिण्याचा अधिकार अध्यक्ष, चिटणीस व कारभारी ह्यांसच राहून इतर ती वाचूं शकतात. बोलणें, विचारणें व वाद घालणें ह्यांस ‘चर्चा’ विभाग मोकळा आहेच.

फोनवर ॲप घ्यावें लागतें. अँड्रॉइडवर २०१४ सालीं निघालेलें ‘कॉन्व्हर्सेशन्स’, आयफोनवर ‘मोनल’, व संगणकावर ‘गाजिम’ हीं चांगलीं आहेत. अँड्रॉइड फोनांत बॅटरी वांचविण्याची जी सक्त व्यवस्था असते, ती ह्या ॲपापुरती सैल करावी. नाहीं तर फोन उघडून पाहीपर्यंत निरोप कळतच नाहीं, व दोष सर्व्हरच्या माथीं येतो. पहिला महिना दहा सभासदांवरच प्रयोग करावा. जुना गट त्या काळांत बंद करूं नये.

७. नक्कल आणि चार्ज

येथून राखण्याचें काम सुरू होतें. महसुली दप्तराचा अनुभव असा, कीं कागद जळाल्यानें जेवढीं दप्तरें बुडालीं नसतील, तेवढीं चार्ज नीट न दिल्यानें बुडालीं. सर्व्हरचेंहि तसेंच आहे.

नियमांची फाईल ‘इटीसी’ मध्यें व सर्व खातीं, खोल्या आणि निरोप ‘व्हार’ मधील ‘लिब’ ह्या कप्प्यांत ‘प्रॉसॉडी’ ह्या नांवाखालीं असतात. ह्या दोहोंची नक्कल दर रात्रीं आपोआप निघून दुसऱ्या यंत्रावर जावी, अशी व्यवस्था करावी. त्याच यंत्रावर ठेवलेली नक्कल ही नक्कल नव्हे. घर जळालें तर पेटीहि जळते. सहा महिन्यांतून एकदां दुसऱ्या एखाद्या संगणकावर ती नक्कल उतरवून सर्व्हर उभा राहतो कीं नाहीं, हें प्रत्यक्ष पाहावें. न पाहिलेल्या नकलेवर भरंवसा ठेवणें म्हणजे न उगवून पाहिलेलें बियाणें सबंध शेतांत पेरणें होय.

प्रणालीच्या सुधारणा आठवड्यांतून एकदां घ्याव्या. महिन्यांतून एकदां सांठवण किती उरली, प्रमाणपत्राची तारीख काय, व डोमेनचा भरणा केव्हां, ह्या तीन गोष्टी वहींत लिहून सही करावी. ह्यास पंधरा मिनिटें लागतात.

कारभारी बदलला म्हणजे चार्जाची याद करावी. तींत डोमेनचें खातें, भाड्याच्या यंत्राचें खातें, प्रवेशाची किल्ली-फाईल, नकलेची जागा व नियमांच्या फाईलीची छापील प्रत हीं पांच कलमें असावींत. नव्या कारभाऱ्यानें जुन्यासमक्ष प्रत्येक ठिकाणीं प्रवेश करून पाहावा, व मगच उभयतांनीं सह्या कराव्या. त्यानंतर जुन्याची किल्ली यंत्रावरून काढून टाकावी. ह्यांत अविश्वास नाहीं; मागाहून कांहीं झाल्यास जुना माणूस संशयापासून मुक्त राहतो, हें त्याच्याच हिताचें आहे.

८. विश्वासाची मर्यादा

आपला सर्व्हर झाला म्हणजे निरोप पूर्ण गुप्त झाले, असा समज करून घेऊं नये. ऑक्टोबर २०२३ मध्यें जॅबर डॉट आरयू ह्या जुन्या रशियन संदेश-सेवेच्या चालकांस असें आढळून आलें, कीं जर्मनींतील भाड्याच्या यंत्रांकडे जाणाऱ्या वाटेवरच कोणी मध्यें बसून, सेवेच्या नांवानें दुसरीं प्रमाणपत्रें काढून, कित्येक महिने ५२२२ द्वारावरील निरोप ऐकत होतें. उघडकीस आलें तें ऐकणाराच्या प्रमाणपत्राची मुदत संपून जोडणाऱ्यास तसा इशारा दिसल्यामुळें. सेवेचें स्वतःचें प्रमाणपत्र ठीक होतें.

ह्यावरून दोन धडे घ्यावे. पहिला, आपल्या डोमेनच्या नांवें कोणकोणतीं प्रमाणपत्रें निघालीं हें सार्वजनिक नोंदवह्यांत कोणासहि पाहतां येतें. कारभाऱ्यानें महिन्याच्या तपासणींत तेंहि पाहावें. दुसरा, कर्ज, वाटणी, आजारपण असल्या खाजगी बोलण्यासाठीं ॲपांतील ‘ओमेमो’ ही २०१५ सालीं निघालेली पद्धति चालू करावी. तींत निरोपास पाठविणाराच्या फोनांत कुलूप लागतें व घेणाराच्या फोनांतच तें उघडतें. सर्व्हरवर बसलेल्या कारभाऱ्यासहि तो वाचतां येत नाहीं. कोणी कोणास केव्हां निरोप पाठविला, हें मात्र त्यास दिसूं शकतें.

म्हणून कारभारी नेमतांना त्याच्या संगणक-ज्ञानाइतकीच त्याच्या जिभेची परीक्षा करावी. ओमेमो न वापरतां लिहिलेलें सर्व तो मनांत आणील तर वाचूं शकतो. सभासदांची माहिती कोणत्या कामासाठीं घेतली, किती काळ राहील व कोण पाहूं शकेल, हें एका कागदावर मराठींत लिहून प्रत्येकास द्यावें व त्याची संमति घ्यावी. व्यक्तीच्या डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा आपल्या देशांत २०२३ सालीं संमत झालेला आहे. पण कायदा नसता तरीहि शेजाऱ्याच्या घरांतील गोष्ट सांभाळणें हें कर्तव्यच होतें.

तसेंच, ज्या नोटिसा संस्थेच्या उपविधींप्रमाणें लेखी द्यावयाच्या, त्या लेखीच द्याव्या. पाणी-वांटपाचा अंतिम तक्ता फळ्यावर लागलाच पाहिजे. ज्याच्याजवळ तसा फोन नाहीं तोहि सभासदच आहे, व त्याचा हक्क सिग्नलवर अवलंबून ठेवतां येत नाहीं.

असो. सर्व्हरचें यंत्र लहान, प्रोग्राम फुकट व रीत वर सांगितल्याप्रमाणें आहे. ज्या संस्थेंत महिन्याच्या वहीवर सही करणारीं दोन माणसें मिळतील, तिनें हें काम अवश्य करावें. जेथें तीं मिळणार नाहींत, तेथें हल्लींचा गट चालू ठेवून प्रथम एवढेंच करावें : गटाचा अधिकार दोन पदाधिकाऱ्यांकडे द्यावा, त्याची नोंद इतिवृत्तांत करावी, आणि दर महिन्याच्या महत्त्वाच्या सूचना कागदावर उतरून दप्तरीं ठेवाव्या. दप्तर सांभाळण्याची ती संवय लागली, म्हणजे सर्व्हर सांभाळणेंहि पुढें जड जाणार नाहीं.